संगीतनिवड, व्यापारी नभोवाणीची
व्यापारी नभोवाणी केंद्राने कोणत्या प्रकारचे संगीत, कोणत्या श्रोत्यांसाठी व किती पुनरावृत्तीने प्रक्षेपित करावयाचे, यासंबंधीचे धोरण. अशा केंद्राचे उत्पन्न जाहिरातींवर अवलंबून असते. श्रोता केंद्राला मूल्य देत नाही. त्याचे अवधान जाहिरातदारास विकले जाते. त्यामुळे संगीत उत्तम आहे काय, यापेक्षा जाहिरातदारास हवा असलेला श्रोता त्याने टिकून राहील काय, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

या धोरणाला निश्चित रूप अमेरिकेत मिळाले. नाणे टाकून चालणाऱ्या ध्वनिमुद्रिका-यंत्रावर गिऱ्हाइके तीच ती गाणी पुनःपुन्हा लावतात, हे हेरून ओमाहा येथील टॉड स्टोर्झ यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत मोजक्या लोकप्रिय गीतांची सतत आवर्तने करणारी पद्धती (टॉप फॉर्टी) रूढ केली.

भारतात या निवडीचा पहिला धडा सरकारी नभोवाणीलाच मिळाला. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी अभिजात संगीताच्या पुरस्कारार्थ चित्रपटगीतांना कात्री लावली. निर्मात्यांशी वाद होऊन ती गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. हेतू उदात्त होता. परंतु श्रोता सक्तीने घडविता येत नाही. तो रेडिओ सिलोनकडे वळला आणि त्याच वर्षी सुरू झालेली, अमीन सायानी यांनी सादर केलेली ‘बिनाका गीतमाला’ घरोघर पोहोचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे तीवर जाहिराती येऊ लागल्या.

मुंबईत खाजगी एफ्‌. एम्‌. केंद्रे २००२ मध्ये आली. लिलावातून ठरलेले व दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारे परवानाशुल्क, तसेच स्वतंत्र वार्ताप्रसारणास मनाई, या कात्रीत बहुतेकांनी नव्या हिंदी चित्रपटगीतांचाच आश्रय घेतला. इंग्रजी गीतांना मोठे स्थान देणारे ‘गो ९२·५’ हे ठळक अपवाद. २००५ मध्ये शुल्क उत्पन्नाच्या प्रमाणात आकारण्याचे ठरले, तरी वैविध्य फारसे वाढले नाही. मुंबईसारख्या शहरातही मराठी गीते दीर्घकाळ तुरळकच राहिली. २००७ पासून काही महानगरांत श्रोत्यांकडून दैनंदिन्या भरून घेऊन श्रोतृसंख्या मोजण्यात येऊ लागली. जो या मोजणीत नाही, त्याच्या आवडीला बाजारात भाव नाही.

एटापल्लीचे (जि. गडचिरोली) उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. नागपूरपासून हे गाव सरळ रेषेत सुमारे दोनशे किमी. अंतरावर आहे, तर एफ्‌. एम्‌. प्रक्षेपण सामान्यतः ५०–६० किमी. पलीकडे नीट ऐकू येत नाही. म्हणजे नागपूरच्या खाजगी केंद्राने संगीत ठरविताना येथील माडिया श्रोता विचारातही येत नाही; आणि आला तरी त्याचे संगीत त्या साच्यात बसणारे नाही. माडियांची रेला गीते सामूहिक नृत्यासह, पालुपद घोळवीत रात्ररात्र चालतात. तीन-चार मिनिटांची ध्वनिमुद्रिका हे त्यांचे एकक नव्हे. त्यांचे तुकडे करून ती प्रक्षेपित करता येतील, पण ते रेला उरेल काय, ही शंका रास्तच आहे. अशा भागांसाठी जाहिरातींवर विसंबून नसलेल्या आकाशवाणी केंद्रांचे, तसेच २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही खुल्या झालेल्या सामुदायिक नभोवाणीचे मार्ग उपलब्ध आहेत. त्यांवर काय वाजवावयाचे, हे मात्र तेथील गाणाऱ्यांनाच विचारावे लागते.