‘इतके दिवस गप्प का होतीस?’ हा प्रश्न विचारण्याआधी
आघात झालेल्या माणसाशी ठाणे, दवाखाना आणि शाळेने कसं वागावं? गोंदियाच्या अनुभवातून एक समज

ऑगस्ट २०२२ मध्ये गोंदिया आणि भंडारा हे दोन जिल्हे एका घटनेने हादरले. गोंदिया जिल्ह्यातील एका महिलेवर अत्याचार झाला. त्यानंतर रात्री तिला भंडारा जिल्ह्यातील लाखनी पोलीस ठाण्यात आणण्यात आलं होतं. पहाटे ती ठाण्यातून निघून गेली आणि त्यानंतर तिच्यावर पुन्हा अत्याचार झाला. विधिमंडळापर्यंत प्रकरण गेलं, विशेष तपास पथक नेमलं गेलं, हलगर्जीचा ठपका ठेवून लाखनी ठाण्यातील पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली.

चूक कोणाची, हे कारवाईने ठरलं. पण त्यापुढचा प्रश्न तसाच उभा आहे. जबर धक्का बसलेलं माणूस मदतीच्या दारात येतं, नीट बोलू शकत नाही, सांगितलेलं अर्धवट सांगतं, मध्येच उठून जातं. अशा वेळी समोरच्या कर्मचाऱ्याने काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलेलं असतं का? जगभर आता याच कामाला ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ सेवा म्हणतात. मराठीत आपण त्याला ‘आघाताचं भान ठेवून दिलेली सेवा’ म्हणू.

धक्का बसल्यावर माणूस असं का वागतो?

जिवावरचा प्रसंग आला की मेंदू विचार करत बसत नाही. तो शरीराला तीनपैकी एक हुकूम देतो: लढ, पळ किंवा गोठून जा. गोठून जाणं हा भित्रेपणा नाही आणि संमती तर मुळीच नाही. ती शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे. ‘ओरडली का नाहीस?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इतकंच असतं की आवाज फुटलाच नाही.

अशा वेळी आठवणही नेहमीसारखी साठत नाही. एखादा वास, एखादा आवाज, शर्टाचा रंग लख्ख लक्षात राहतो. पण आधी काय झालं, नंतर काय झालं, किती वाजले होते, हा क्रम विस्कटतो. म्हणून आज सांगितलेल्या गोष्टीत उद्या एखादा तपशील वाढतो, एखादा बदलतो. ठाण्यात किंवा घरात लगेच म्हटलं जातं, ‘बयान बदलतेय, खोटं बोलतेय.’ प्रत्यक्षात ते धक्क्याचं लक्षण असू शकतं. कोणी हुंदके देतं, कोणी दगडासारखं बसतं, कोणी चिडून अंगावर येतं, तर कोणी भलत्याच वेळी हसतं. दुःख दाखवण्याची एकच ठरलेली पद्धत नसते.

हे फक्त लैंगिक अत्याचारापुरतं नाही. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी सडक अर्जुनी तालुक्यात बिंद्रावनटोल्याजवळ शिवशाही बस उलटली आणि ११ जणांचा जीव गेला. २१ डिसेंबर २०१६ च्या पहाटे गोंदिया शहरातील बिंदल प्लाझा हॉटेलला आग लागून सात जण दगावले. शेजारच्या भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ रोजी जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाच्या आगीत दहा बाळं गेली. अशा प्रत्येक घटनेनंतर कितीतरी आई-बाप, भावंडं, वाचलेले प्रवासी, बचावाला धावलेले तरुण, नर्स आणि अ‍ॅम्ब्युलन्सचालक तो दिवस मनात घेऊन जगत राहतात. नुकसानभरपाईचा चेक मिळाला की फाइल बंद होते. मन बंद होत नाही.

चार कामं, सहा कसोट्या

अमेरिकेतील मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘सॅम्सा’ या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये या विषयाची सोपी मांडणी केली. संस्थेने चार कामं करायची. एक, आघाताचा परिणाम किती खोल असतो हे समजून घ्यायचं. दोन, समोरच्या माणसात त्याची लक्षणं ओळखायची. तीन, आपले नियम आणि वागणं त्यानुसार बदलायचं. चार, आपल्याच हातून तीच जखम पुन्हा उघडी होऊ द्यायची नाही.

त्यासाठी सहा कसोट्या सांगितल्या आहेत: सुरक्षितता, विश्वास आणि पारदर्शकपणा, त्याच प्रसंगातून गेलेल्यांची साथ, बरोबरीने काम, माणसाला निवडीचा हक्क, आणि त्याची संस्कृती, इतिहास, स्त्री-पुरुष भेद यांचं भान. ऐकायला मोठे शब्द आहेत. पण खिडकीवर त्यांचं रूप अगदी लहान असतं. ‘बसा, पाणी घ्या’ ही सुरक्षितता. ‘आता डॉक्टर तपासतील, साधारण अर्धा तास लागेल, नको वाटलं तर थांबवा’ हा पारदर्शकपणा. ‘दार उघडं ठेवू की लोटून घेऊ?’ हा निवडीचा हक्क. ज्याच्या हातातून सगळं निसटलेलं असतं, त्याला एवढी छोटी निवडही सावरते.

प्रश्न विचारण्याची तऱ्हाही बदलावी लागते. ‘तुला काय झालंय?’ यात दोष शोधल्याचा सूर येतो. ‘तुमच्यावर काय गुजरलं?’ म्हटलं की माणूस बोलू लागतो.

कायदा आपल्या बाजूने काय म्हणतो?

यातल्या बऱ्याच गोष्टी मेहरबानी नाहीत, हक्क आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला त्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही, तिकडे जा’ असं सांगून परत पाठवता येत नाही. गोंदिया-भंडारा किंवा बालाघाट-राजनांदगावच्या सीमेवर राहणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. नोंदीची प्रत मोफत मिळते. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांच्या आत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

बलात्काराच्या प्रकरणात जबाब पीडितेच्या घरी किंवा तिने निवडलेल्या जागी घ्यायचा असतो आणि शक्य तिथे महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. अशा पीडितेवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार करायचे असतात. वैद्यकीय तपासणीला तिची संमती लागते. ‘टू फिंगर टेस्ट’ करणं हे गैरवर्तन ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात बजावलं आहे.

लहान मुलांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आणखी पुढे जातो. जबाब घेणारा पोलीस गणवेशात नसावा, मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये, कोर्टात मधूनमधून विश्रांती द्यावी, साक्षीसाठी वारंवार बोलावू नये, आरोपी त्याच्या नजरेसमोर येऊ नये. हा कायदा लिहिणाऱ्यांनी आघाताचं भान ठेवलं होतं. अंमलबजावणी करणाऱ्यांपर्यंत ते पोहोचवणं बाकी आहे.

मय्यत आणि प्रतीक्षा

आपल्या घरांना आणखी एक गोष्ट बोचते. अपघातात माणूस गेला की जनाजा लवकर उठावा अशी सगळ्यांची इच्छा असते आणि शवविच्छेदन मात्र ‘उद्या सकाळी’. रात्रभर शवागाराबाहेर थांबलेल्या घरच्यांना कोणी काही सांगत नाही. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला मुभा दिली. अट अशी की त्या रुग्णालयात पुरेशी सोय हवी. खून, आत्महत्या, बलात्कार, सडलेला मृतदेह किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणं यातून वगळली आहेत. म्हणजे साध्या अपघातात ही विनंती अदबीने करता येते. सोय नसेल, तर ‘सकाळी इतक्या वाजता सुरू होईल, तोवर इथे बसा’ एवढं सांगणं तरी कर्मचाऱ्याच्या हातात आहे. सहावी कसोटी, म्हणजे संस्कृतीचं भान, ती हीच. बुरखा घातलेल्या बाईला तपासताना पडद्याची सोय करणं आणि शक्य असेल तर महिला कर्मचारी बोलावणं, हेही त्यातच येतं. नाव ऐकून आवाज चढवू नये, हे तर त्याआधी.

भाषेचंही तसंच. गोंदियात एकाच बाकावर मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी बोलणारे आणि घरात उर्दू बोलणारे बसलेले असतात. घाबरलेला माणूस आपल्या घरच्या भाषेत बोलतो. त्याला ‘नीट मराठीत सांगा’ म्हणून दरडावलं की तो गप्प होतो.

महाराष्ट्रात हे कुठे जमलंय?

मुंबईतील वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. कल्पना साधी होती. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाणार नाही, पण जखम घेऊन दवाखान्यात नक्की येईल. मग ‘जिन्यावरून पडले’ म्हणणाऱ्या बाईकडे डॉक्टर-नर्सने फक्त टाके घालायच्या नजरेने बघायचं नाही. तिला एकटीला, आडोशाला, शांतपणे विचारायचं आणि समुपदेशकाकडे न्यायचं. पुढे हे काम इतर रुग्णालयांत पोहोचलं. त्याआधी, १९८४ मध्ये, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. तिथे खाकी वर्दीच्या शेजारी सामाजिक कार्यकर्ती बसू लागली. दोन्ही ठिकाणी मोठी इमारत लागली नाही. प्रशिक्षण, वेगळी खोली आणि ऐकणारं माणूस लागलं.

गोंदियात केटीएस जिल्हा रुग्णालय आहे, बाई गंगाबाई महिला रुग्णालय आहे, २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. देवरी-सालेकसाच्या दूरच्या गावातून आलेली बाई पहिल्यांदा ज्याच्याशी बोलते तो डॉक्टर नसतो. तो असतो केसपेपरच्या खिडकीवरचा माणूस, वॉर्डातली मावशी किंवा गेटवरचा शिपाई. म्हणून प्रशिक्षण तिथून सुरू व्हायला हवं. आणि जे रोज दुसऱ्यांचं दुःख ऐकतात त्या नर्स, आशाताई, पोलीस आणि शिक्षिका यांनाही मन मोकळं करायला जागा हवी. थकून दगड झालेला कर्मचारी दुसऱ्याला धीर कुठून देणार?

आपल्या मोहल्ल्याने काय करावं?

सगळं सरकारवर टाकून चालणार नाही. मशीद कमिटी, मदरसा, शाळा, महिला बचत गट याही संस्थाच आहेत. इथे काही गोष्टी लगेच करता येतात.

पहिली, ‘इज्जतीचा सवाल आहे, गप्प बसा’ हे वाक्य थांबवावं. सब्र म्हणजे जुलूम लपवणं नव्हे. दुसरी, मूल अचानक अबोल झालं, अंथरूण ओलं करू लागलं, मदरशात किंवा शाळेत जायला घाबरू लागलं, तर छडीआधी विचारपूस व्हावी. तिसरी, घरात मयत झालेल्या कुटुंबाकडे पहिले तीन दिवस गर्दी असते. चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनीही कोणीतरी दार ठोठवावं. चौथी, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला दूषणं देऊ नयेत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा त्याला गुन्हेगार मानत नाही. तो तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरतो आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवतो. पाचवी, पीडितेचं नाव, फोटो, व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरवू नये. कायद्याने तो गुन्हा आहेच, पण तिला पुन्हा त्याच प्रसंगात ढकलणंही आहे.

दुआ आणि इलाज यांच्यात भांडण नाही. झोप उडणं, दचकणं, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येणं महिनाभरानंतरही थांबत नसेल, तर तज्ज्ञाला दाखवावं.

हे नंबर घरात लिहून ठेवा

मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६, मोफत आणि चोवीस तास. महिलांसाठी १८१. मुलांसाठी १०९८. तातडीच्या मदतीला ११२. अत्याचारग्रस्त महिलांना निवारा, उपचार, पोलीस मदत आणि कायदेशीर सल्ला एकाच छताखाली मिळावा म्हणून ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची योजना आहे. बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला आणि मुलांवरील लैंगिक अत्याचारात राज्याच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसहाय्य मिळतं. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं.

आणि कोणासोबत ठाण्यात किंवा दवाखान्यात जायची वेळ आली, तर तिच्या वतीने सगळं आपणच बोलू नका. शेजारी बसा, तिला तिच्या शब्दांत, तिच्या वेळाने बोलू द्या. घाई करणाऱ्याला फक्त एवढं सांगा, ‘साहेब, जरा दम घेऊ द्या, ती सांगतेय.’