ठिपके दिसेपर्यंत उशीर झालेला असतो

कोळंबीच्या कवचावर पांढरे ठिपके नाहीत, म्हणजे तलाव निर्धोक, हा समज बांधाबांधावर अजूनही ऐकू येतो. 1994-95 मध्ये याच पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूजन्य रोगाने आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर टायगर कोळंबीचा धंदा बसवला होता, तरीही.

ठिपके म्हणजे कवचात साचलेले कॅल्शियमचे क्षार. ते जीवाणूंमुळेही उठतात. उलट, 2009 पासून टायगरची जागा घेत गेलेली व्हॅनामी जातीची कोळंबी पुष्कळदा ठिपक्यांविनाच मरते. लक्षणे उमटल्यावर तीन ते दहा दिवसांत अख्खा तलाव साफ होऊ शकतो. तेव्हा ठिपके शोधत बसणे म्हणजे पंचनामा करणे.

विषाणू हुडकायचा तो कोळंबी धडधाकट दिसत असताना, पीसीआर चाचणीने. पण ‘बीज तपासलंय, रिपोर्ट निगेटिव्ह आहे’ हे समाधानही फसवे ठरू शकते. रिपोर्ट बोलतो तो नमुन्यापुरताच. हॅचरीच्या टाकीतल्या लाखो पिल्लांपैकी दोन टक्क्यांना संसर्ग असेल आणि दहाच पिल्ले तपासली, तर तो निसटण्याची शक्यता 80 टक्क्यांहून जास्त. 150 तपासली तर पाच टक्क्यांच्या आत. तीही टाकीच्या वेगवेगळ्या भागांतून उचललेली हवीत. नमुना फॉर्मॅलिनमध्ये नव्हे, अल्कोहोलमध्ये ठेवायचा. जरा वाढलेल्या पिल्लांचे डोळे आधी काढतात, कारण त्यांतली द्रव्ये पीसीआरची प्रक्रिया अडवतात आणि रोगट नमुनाही निगेटिव्ह दाखवतात. इतक्या बारीक गोष्टीवर हंगाम अवलंबून असतो!

‘एसपीएफ’ बीजाभोवतीही असाच भ्रम आहे. त्याचे आईबाप ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त, एवढाच त्याचा अर्थ. खाडीच्या पाण्यातून किंवा खेकड्यांमार्फत विषाणू तलावात शिरला, की तेही मरते. म्हणून बांधाला खेकडे अडवणारी जाळी लावतात.

प्रतिजैविके इथे निरुपयोगी. वर त्यांचे अंश सापडले तर निर्यातीचा माल परत येतो. माणसाला मात्र हा विषाणू बाधत नाही.

औषध नाही, मग लवकर कळून उपयोग काय? पुष्कळ. सदोष बीज दारातूनच परत पाठवता येते. कोळंबी विकण्याजोगी झाली असेल तर काढणी आधी उरकता येते. आणि तलाव गेलाच, तर त्याचे पाणी ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक केल्याशिवाय खाडीत सोडायचे नसते, कारण शेजाऱ्याचा पंप त्याच खाडीतून पाणी ओढत असतो.