हमर कशाने वाढली, कशाने संपली?

महेंद्रसिंह धोनीमुळे हमर ही अगडबंब गाडी आपल्याकडे घराघरांत ओळखीची झाली. भारतात तिची अधिकृत विक्री मात्र कधीच झाली नाही. ज्या थोड्या आल्या त्या आयात होऊन. त्यामुळे तिच्याविषयी ऐकीव माहितीच फार. तिचा उदय आणि अस्त दोन्ही अमेरिकेतले, आणि त्यांमागे इंजिनापेक्षा कायद्यातल्या वजनमर्यादांचा आणि कंपनीच्या ताळेबंदाचा हात मोठा होता.

गैरसमज : हमर म्हणजे लष्कराचीच गाडी.

वस्तुस्थिती : हे पहिल्या हमरपुरतेच, म्हणजे एच-वनपुरतेच खरे. इंडियाना राज्यातल्या एएम जनरल कंपनीला १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराकडून ‘हमव्ही’ या लष्करी गाडीचे कंत्राट मिळाले. १९९१ च्या आखाती युद्धात ही गाडी टीव्हीवरून जगभर पोचली. अभिनेता अर्नोल्ड श्वार्झनेगरने नागरी आवृत्तीसाठी कंपनीकडे लकडा लावला होता. ती १९९२ मध्ये बाजारात आली. सुमारे २.२ मीटर रुंद आणि तळ जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंच असलेली ही गाडी हमव्हीचीच सख्खी बहीण होती. १९९९ मध्ये जनरल मोटर्सने (जीएम) हमर हे नाव विकत घेतले. २००२ ची एच-टू जीएमच्या नेहमीच्या मोठ्या पिकअप आणि एसयूव्हींच्या चासीवर बेतली होती, तर २००५ ची एच-थ्री मध्यम आकाराच्या पिकअपवर. चेहरा लष्करी ठेवला, सांगाडा बाजारातला घेतला.

गैरसमज : एवढी मोठी गाडी निव्वळ हौसेपोटी खपली.

वस्तुस्थिती : हौस होतीच, पण तिला करसवलतीची जोड मिळाली. व्यवसायासाठी घेतलेल्या मोटारीवर दरवर्षी किती घसारा दाखवता येईल, यावर अमेरिकेत मर्यादा आहे. भारासह कमाल वजन ६,००० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे २,७२० किलोंपेक्षा जास्त असलेल्या वाहनांना ती लागू नव्हती. शेतकरी आणि कंत्राटदारांचे ट्रक डोळ्यांसमोर ठेवून ही सूट दिलेली होती. २००३ च्या करकायद्याने व्यवसायाच्या साधनांवर पहिल्याच वर्षी वजावटीची मुभा २५ हजारांवरून एक लाख डॉलरपर्यंत नेली. एच-टूची किंमत पन्नास हजार डॉलरच्या आसपास. म्हणजे ती व्यवसायासाठीच वापरणाऱ्या डॉक्टर-वकिलाला सगळी किंमत त्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता येई. ऑक्टोबर २००४ मध्ये एसयूव्हींसाठी ही मुभा पुन्हा २५ हजारांवर आणली गेली.

गैरसमज : कंपनीने मायलेज दडवून कायदा मोडला.

वस्तुस्थिती : कायदा मोडायची गरजच नव्हती. इंधनक्षमतेचे नियम आणि काचेवर मायलेजचा कागद लावण्याची सक्ती ८,५०० पौंडांपर्यंतच्या वाहनांनाच होती. एच-टूचे भारासह वजन ८,६०० पौंड होते. लिटरला चार-साडेचार किलोमीटर धावणारी ही गाडी त्यामुळे या चौकटीबाहेर राहिली. ही पळवाट २०११ च्या मॉडेलांपासून बुजवली गेली, पण तोवर हमर बंद झाली होती.

गैरसमज : टोयोटाच्या हायब्रिड प्रियसपेक्षा हमर पर्यावरणाला कमी घातक.

वस्तुस्थिती : हा दावा २००७ च्या सुमारास गाजला. त्याचे मूळ सीएनडब्ल्यू या बाजार-संशोधन संस्थेच्या अहवालात होते. त्यात एच-वन ३ लाख ७९ हजार मैल चालेल आणि प्रियस अवघे १ लाख ९ हजार, असे गृहीत धरले होते. भागाकारातला भाजकच असा फुगवला, तर दर मैलाचा खर्च कमी दिसणारच. पॅसिफिक इन्स्टिट्यूटने २००७ मध्येच या गृहीतकांतला फोलपणा दाखवून दिला.

गैरसमज : पेट्रोल महागले, म्हणून हमर बंद पडली.

वस्तुस्थिती : घाव पेट्रोलनेच घातला. अमेरिकेत २००६ मध्ये ७१ हजारांहून अधिक हमर विकल्या गेल्या; २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर गेले; २००९ मध्ये विक्री जेमतेम नऊ हजारांवर आली. पण शेवट केला तो मालकाच्या दिवाळखोरीने. १ जून २००९ रोजी जीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि शेवरोले, कॅडिलॅक, ब्यूक व जीएमसी हे चार ब्रँड ठेवून पाँटियाक, सॅटर्न, साब आणि हमर यांतून अंग काढून घेतले. यांपैकी पाँटियाक आणि सॅटर्नच्या बऱ्याच गाड्या साध्या, छोट्या होत्या. त्याही वाचल्या नाहीत. म्हणजे पेट्रोल पिणे हा एकच निकष नव्हता.

गैरसमज : हमर शेवटी चीनने विकत घेतली.

वस्तुस्थिती : सिचुआन प्रांतातल्या तेंगचोंग कंपनीशी करार जाहीर झाला होता, पण चीन सरकारची मंजुरी मिळाली नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये व्यवहार फिसकटला. त्याच वर्षी मे महिन्यात लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट कारखान्यातून शेवटची एच-थ्री बाहेर पडली.

गैरसमज : विजेवर आली, म्हणजे हमर सुधारली.

वस्तुस्थिती : २०२१ च्या अखेरीपासून जीएमसी ब्रँडखाली विजेवरची हमर मिळू लागली. धूर गेला, वजन मात्र वाढले : सुमारे चार टन, त्यात एकट्या बॅटरीचे १,३०० किलोंच्या आसपास. एवढे वजन हलवायला लागणारी वीज, बॅटरीतला धातू आणि धडकेत समोरच्या छोट्या गाडीला बसणारा तडाखा, हे प्रश्न इंधन बदलल्याने सुटत नाहीत. जड गाडीला सूट देणाऱ्या नियमांनी हमर मोठी केली; आता वजनाचाच हिशेब मांडणारे नियम लागतील.