गळाच्या काठीची मूठ

भंडारा जिल्ह्यात बपेऱ्याकडे नदीकाठी गळ टाकून बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. मासा लागला की त्याचा एक हात काठीच्या बुडाशी असतो, दुसरा थोडा वर. बूड हा टेकू, वरच्या हाताचे ते बल, आणि शेंड्याला ओढणारा मासा हा भार. ही तिसऱ्या प्रकारची तरफ झाली.

समजा, काठी 200 सेंटिमीटर लांब आहे आणि दोन हातांत 20 सेंटिमीटर अंतर आहे. माशाची काटकोनातली ओढ 1 किलोची असेल, तर वरच्या हाताला 10 किलोचा जोर लावावा लागेल! आता बुडाला 20 सेंटिमीटरचा तुकडा जोडा. 220 ला 40 ने भागा. जोर साडेपाच किलोवर आला. (काठी वाकली की हा हिशेब थोडा बदलतो.)

मग मूठ लांबच का नसावी? रिळाच्या काठीने वारंवार गळ फेकायचा, तर लांब बूड कोपराला अडते. तेथे आखूड मूठच बरी. तिच्यावर बुचाचे आवरण चढवतात. बुचाच्या पेशींत हवा असल्याने ते हलके असते, शिवाय ओल्या हातातून सहसा सटकत नाही. ते नसेल तर सुतळी घट्ट गुंडाळा.

काठीच्या टोकाला अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली टांगून दोन्ही पकडी स्वतः करून पाहा.