हक्क 1950 चे, कर्तव्ये 1976 ची

ब्रिटिश काळातील 1935 च्या भारत सरकार कायद्याने मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटींत अडकवलेला मताधिकार 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या कलम 326 ने सर्व प्रौढांना खुला केला, त्यामुळे 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हवेली तालुक्यातील लोणी काळभोरसारख्या गावांतही बागाईतदार आणि भूमिहीन मजूर यांच्या मताचे मोल सारखेच ठरले. मूलभूत कर्तव्ये, म्हणजे नागरिकाच्या राष्ट्राप्रती असलेल्या जबाबदाऱ्या, मात्र 42 व्या घटनादुरुस्तीने 1976 मध्ये कलम 51अ द्वारे समाविष्ट झाली. गावपातळीवरही हक्क आणि कर्तव्य सोबतच येतात: ग्रामसभेत, म्हणजे गावातील सर्व मतदारांच्या सभेत, खर्चाचा हिशेब विचारणे हा हक्क असून घरपट्टी वेळेवर भरणे हे कायदेशीर कर्तव्य आहे. मतदारांनी पुढच्या ग्रामसभेस अवश्य उपस्थित राहावे.