सांडपाणी गटारात, भाजी बाजारातून!

शेतकरी बंधूंनो, येत्या बाजारच्या दिवशी एक काम करा. बाजारतळाच्या तोंडाशी घटकाभर उभे राहा आणि घरी परतणाऱ्या माणसांच्या पिशव्या बघा. पाच एकराचा धनी, दारात ट्रॅक्टर, विहिरीला पाणी. आणि पिशवीत काय? मेथीच्या दोन जुड्या, पावशेर मिरची, किलोभर वांगी आणि कढीपत्त्याच्या चार काड्या. कढीपत्तासुद्धा विकत! ज्याने पिकवायचे त्यानेच विकत घ्यायचे, ही रीत आपल्या गावात कधी शिरली ते कुणाच्या ध्यानातही आले नाही.

आता त्याच माणसाच्या घरामागे चला. न्हाणीचे पाणी बोळात सोडलेले. ते शेजाऱ्याच्या दारापर्यंत जाते म्हणून भांडण, साचते म्हणून डास, आणि डास झाले की घरात कुणीतरी तापाने फणफणलेले. ग्रामसभेत रस्त्याच्या खालोखाल तक्रार असते ती याच पाण्याची. सरपंच आणि ग्रामसेवक (हुद्द्याचे नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झाले, गाव मात्र अजून ग्रामसेवकच म्हणते) गटारीचा ठराव घेतात. गटार होते, वर्षभरात तुंबते, की पुन्हा नवा ठराव.

या दोन गोष्टी एकमेकींना जोडून पाहा, एवढेच आज सांगायचे आहे.

साधा हिशेब आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले. पाच माणसांच्या घरात ते २७५ लिटर झाले. पिण्या-रांधण्याला वीस-पंचवीस लिटर गेले, तर उरलेले बहुतेक न्हाणीतून, मोरीतून आणि धुण्याच्या दगडावरून घरामागे येते. अर्धा गुंठा म्हणजे सुमारे ५४५ चौरस फूट जागा. तेवढ्या जागेतल्या भाजीला उन्हाळ्यात रोज दोन-अडीचशे लिटर पाणी पुरते. म्हणजे आपण गटारात सोडतो, तेवढ्यात घरची भाजी होते. तुमच्या गावी नळ चार दिवसांनी येत असेल, तर जागा निम्मी धरा. उन्हाळ्यात फक्त वांगी-मिरची राखली तरी चालेल.

तुम्ही म्हणाल, साबण-सोड्याचे पाणी झाडाला चालते होय? सरसकट नाही चालत, म्हणून वाटणी करायची. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी थेट वाफ्यात. न्हाणीचे पाणी आधी दगड-वाळू भरलेल्या खड्ड्यातून घ्यायचे, मग कर्दळीला आणि अळवाला, तिथून केळीला. धुण्याच्या सोड्याचे पाणी केळी-कर्दळीच्या पलीकडे नेऊच नये. कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात यांसारखी कच्ची खायची भाजी सांडपाण्यावर अजिबात नको. तिला चांगल्या पाण्याची एक कळशी बाजूला ठेवा. पाणी एका जागी साचू देऊ नका, आठवड्याला दांड बदला. पांढरी खार दिसू लागली तर त्या जागेला महिनाभर सोडा.

आपल्या आजीच्या परड्यात हेच होते. न्हाणीपाशी अळू आणि केळ, कुडाला वालाचा वेल, छपरावर घोसाळी-दोडका, कोपऱ्यात शेवगा आणि हादगा. पालाभाजीला शेताच्या बांधावरून तांदुळजा, पाथरी, घोळ. आता घोळीवर तणनाशक मारतो आणि बाजारातून पालक आणतो! आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दाखवून दिले. नुसत्या पाल्याने रक्त भरते असे मी म्हणत नाही, दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतील. पण बाजाराच्या दुसऱ्या दिवशी संपणारी भाजी आणि दारात रोज खुडता येणारी भाजी यांत ताटाला फरक पडतोच. शेवग्याच्या पाल्यावर लिंबू पिळून खा. लिंबाने त्यातले लोह अंगी लागायला मदत होते.

आणि एक नाजूक गोष्ट. भाजीपाला करणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांकडे विकायच्या मालाशेजारी एक ओळ बिनफवारणीची असते. विचारले तर हळूच सांगतात, "ती घरच्यासाठी हाय." यात सगळे आले. औषध काय आहे ते पिकवणाऱ्याला पक्के ठाऊक असते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण वाचले आहे. डब्यावर लाल त्रिकोण असेल तर ते अतिविषारी. काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, तेही सोबतच्या चिठ्ठीत छापलेले असते. कपाशीचे उरलेले औषध वांग्यावर मारून तिसऱ्या दिवशी तोडा करणारा बाजारात आपल्याला वांगी विकतो, तेव्हा आपण काय खातो याचा विचार करा. आणि विकणारे आपणच असलो तर त्याचाही करा.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हा विचार फार आधी केला. शाळेची पायरी न चढलेली ही बाई. नातू सारखा आजारी पडू लागला, तेव्हा फवारलेल्या भाजीवर त्यांचा संशय गेला आणि त्या जुने गावरान बियाणे शोधायला लागल्या. वालाचेच कितीतरी प्रकार त्यांनी जमवले. पुढे बायफ संस्थेची साथ मिळाली, गावात बियाण्यांची बँक उभी राहिली, बचतगटांना बी मिळू लागले. २०२० साली सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. ज्या कामाला आपण "बायकांचा उद्योग" म्हणतो, त्याचा हा मान!

बियाण्याचे एवढे ध्यानात घ्या. संकरित वाणाचे बी धरले तर पुढच्या वर्षी मूळ गुण राहत नाही. गावरान वाल, चवळी, टोमॅटो यांचे बी मात्र घरी धरता येते. भोपळा, काकडी यांच्यात शेजारच्या वाणाशी संकर होतो, तेव्हा एका वेळी एकच वाण लावा. निरोगी झाडावरचे मधल्या बहराचे फळ राखून ठेवा, पुरते पिकू द्या, बी सावलीत सुकवा, राखेत घोळून मडक्यात भरा आणि तोंड लिंपून टाका. बचतगटाने एक रीत पाडावी: मूठभर बी नेले, तर हंगाम संपल्यावर दोन मुठी आणून द्यायचे.

दोन अडचणी तुम्ही सांगणारच. पहिली कोंबड्या-शेळ्यांची. त्याला जुन्या साड्यांचे कुंपण आणि खालून बाभळीच्या काट्या. पैसा लागत नाही. दुसरी जागेची. ज्याला परडेच नाही त्याने खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन, माती भरून त्यात मिरची-वांगी लावावी आणि वेल पत्र्यावर सोडावा. औषधाचे रिकामे डबे-कॅन मात्र माती भरायला किंवा पाणी घालायला कधीही वापरू नका. आणखी एक, न विचारता सांगतो: हे काम वहिनींच्या गळ्यात घालून मोकळे होऊ नका. खड्डा खणणे, दांड ओढणे, कुंपण करणे हे पुरुषाचे काम धरा.

सरपंचसाहेबांसाठी थोडे वेगळे. परसबागेतूनही जे पाणी उरते, त्याला शोषखड्डा हवा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघर असे खड्डे घेऊन उघड्या गटारी बंद केल्या आणि डास हटवले. चार फुटी खड्डा, मधोमध भोके पाडलेली टाकी, भोवती दगडगोटे. गाळ काढता आला पाहिजे. विहीर, बोअर आणि हातपंपापासून तो किमान पन्नास फूट लांब ठेवा. काळ्या चिबड रानात पाणी लवकर जिरत नाही, तिथे खड्ड्यापेक्षा केळी-कर्दळच बरी. येत्या ग्रामसभेत गटारीचा ठराव मांडण्याआधी एका आळीतली दहा घरे घेऊन वर्षभर करून बघा. सुरुवात सदस्यांच्या घरापासून केली तर बोलायला कुणाला जागा उरणार नाही.

शेवग्याची हातभर छाट पावसाच्या तोंडाशी लावली की जगते. तीन-चार फुटांवर शेंडा खुडा, नाहीतर वाऱ्याने मोडेल आणि पाला हाताला लागणार नाही. वाल मात्र जून-जुलैतच टोका. गावरान वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलावर येत नाही, म्हणून दिवाळीआधी "नुसताच वेल माजला" म्हणून उपटून टाकू नका.