गोठणारे दव आणि आठवड्याचा हवामान-अंदाज

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील इंडियन हेड हे गवताळ मैदानी मुलखातील एक लहानसे गाव होय. तेथे वसंतात पेरलेला गहू ऑगस्ट-सप्टेंबरात कापणीस येतो, आणि सप्टेंबरातच रात्री दव गोठू लागते. दाणा हिरवा असताना दव कडक गोठल्यास तो सुरकुततो, त्याचे वजन घटते व धान्याची प्रत उतरते. म्हणून या दिवसांत शेतकरी आठवड्याचा हवामान-अंदाज बारकाईने पाहतो.

अंदाजात किमान तापमान २ अंश सेल्सिअस दिले असले, तरी पीक सुरक्षित आहे असे समजू नये. हे तापमान जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवरील हवेचे असते. आकाश निरभ्र व वारा पडलेला असल्यास जमिनीतील उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. थंड हवा जड असल्याने सखल भागात साचते व तेथील पिकावर दव गोठते. ढग किंवा वारा असल्यास हा धोका कमी होतो. यास्तव आकड्याबरोबरच आकाश व वारा यांचा अंदाजही वाचावा.

पहिल्या दोन-तीन दिवसांचा अंदाज अधिक भरवशाचा असतो. सहाव्या-सातव्या दिवसाचा बदलू शकतो. कापणीचा बेत आठवड्यावरून आखावा, परंतु अंतिम निर्णय ताजा अंदाज पाहूनच घ्यावा.

निफाडसारख्या द्राक्षाच्या भागातही हिवाळ्यात किमान तापमान फार उतरते. तेथील ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांना अंदाज वाचण्याची हीच रीत समजावून द्यावी.